ओबोरांच्या मुठीतला खड्डा

अमोंडी रोज सकाळी लेकीची मूठ वळायची. ओमेनाची बोटभर मासळी जाळ्यांवर पसरून झाली, कावळे हाकलायला मधल्या मुलाला बसवलं, की अडोयोला जवळ ओढायची. तिची बोटं एकेक करून आत मिटायची आणि मुठीवरच्या उंचवट्यांवरून आपला अंगठा फिरवायची. एक, दोन, तीन, चार. मग दुसरा हात. चारही उंचवटे जागच्या जागी लागले की पोरीला सोडून द्यायची, ते थेट दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. सरोवराच्या काठावरच्या बायकांना वाटायचं, पोर लाडाची आहे. मला माहीत होतं ती काय शोधतेय ते, आणि ते सापडू नये असं मलाही वाटायचं.

अमोंडी ही ओबोरांच्या घरची लेक. त्या घराची खूण मुठीत असते. मूठ वळली की करंगळीच्या शेजारच्या बोटाचा उंचवटा वर येतच नाही, तिथं खड्डा पडतो. सगळ्यांना नसतो, पण ज्याला असतो तो घरात मान मिरवतो. पोराचे दुधाचे दात पडायला लागले की घरातला वडीलधारा त्याची मूठ हातात घेऊन बघतो. खड्डा लागला तर सगळ्यांसमोर म्हणतो, हे आमचं. एखाद्या सुनेबद्दल कुजबुज असेल तर ती त्या दिवशी बंद होते. अमोंडीच्या बापाच्या, म्हणजे खुद्द म्हाताऱ्या ओबोराच्या, दोन्ही मुठींत खड्डे आहेत. ऐंशीचा झाला, अजून काठी न घेता चालतो. तिच्या भावाच्या मुठीत आहे, भावाच्या तिन्ही मुलींच्या मुठीत आहे. सगळी ठेंगणी, गोल तोंडाची आणि ठणठणीत. अमोंडीही तशीच. लग्नाच्या वेळी नवऱ्याच्या, ओडेरोच्या, घरच्यांनी तिची मूठ पाहून म्हटलं होतं, मोठ्या घरची खूण आपल्या दारात येतेय. ते त्यांनी हसत म्हटलं होतं.

ओबोरांच्या घरात मात्र त्या दिवशी कोणी हसलं नव्हतं. कारण त्या घरात आणखी एक गोष्ट धरून चालतात, पण बाहेर बोलत नाहीत. खूण घरात राहिली तर बरकत, लेकीबरोबर बाहेर गेली तर दोष. लेकीच्या पोराच्या मुठीत खड्डा पडला की ते पोर धड राहत नाही. त्याचे हात वाकडे होतात, झटके येतात आणि मग कधी पाणी, कधी आग त्याला घेऊन जाते. म्हाताऱ्याच्या बहिणीचं, आसेवेचं, तेच झालं. दोन पोरांच्या मुठीत खड्डा आला. एक अंगणात झटक्यात गेलं. दुसरा ओगोला, तो जगला, पण चुलीत पडून अर्धा चेहरा जळाला. आज चाळिशीचा आहे, आईच्या मागे मागे असतो.

अमोंडीचा थोरला ओमुगा. सहाव्या वर्षी खड्डा पडला, आठव्या वर्षी पहिला झटका आला. तेव्हा माझी तिची ओळख झाली.

मी काही शिकलेला नाही. पाचवीनंतर मासळीच्या लॉरीवर बर्फ चढवला. बाकी जे येतं ते आरोग्य केंद्राच्या रांगेत भांडून आलेलं आहे. झटक्यांच्या गोळ्या महिनोन्महिने येत नव्हत्या, त्यासाठी मी माणसं जमवून फाटकात बसायचो. त्यात ही बाई पोर पाठीशी बांधून यायची, सर्वात आधी यायची, सर्वात शेवटी उठायची. गोळ्या आल्या. पहिलं पाकीट मी माझ्या हातानं ओमुगाला दिलं आणि छाती फुगवून घरी गेलो. सहा महिन्यांत झटके कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाले. केंद्रातला माणूस म्हणाला, गोळ्या वाढवा. आम्ही वाढवल्या. दहाव्या वर्षी ओमुगा काठावर होड्या धुवायला गेला आणि गुडघाभर पाण्यात तोंडावर पडला. मी पोचलो तेव्हा ओडेरोनं त्याला वाळूवर ठेवलं होतं. पोराचे दोन्ही हात मनगटात वाकलेले होते, बोटं सरळ एकमेकांना चिकटलेली, अंगठा तळव्यात दडलेला. ओडेरो ती बोटं सोडवायला बघत होता.

मूठमातीला म्हातारा ओबोरा आला. जावयाशी दोन शब्द बोलला, कबरीवर माती टाकली आणि जाताना लेकीला म्हणाला, "धाकटीची मूठ बघत राहा."

मधल्याची मूठ साफ निघाली होती, म्हणून ती आता धाकटीची बघत होती.

अडोयोचा पहिला दात उशिराच पडला, सात पूर्ण झाल्यावर. त्यानंतर दोन महिने झाले असतील. मी त्यांच्या दारावरून जात होतो. अमोंडीनं पोरीची मूठ धरली होती आणि तिचा अंगठा तिसऱ्या उंचवट्यावरच थांबला होता. पुढे सरकतच नव्हता. पोरगी म्हणाली, आई, दुखतंय, सोड. तिनं सोडलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

"दादा," एवढंच म्हणाली, "कोणाला सांगू नका."

पण अशा गोष्टी लपत नसतात. पोरीच्या तोंडाभोवती मुंग्या यायला लागल्या, रात्री पोटऱ्यांत गोळे यायला लागले. ओडेरोनं ते पाहिलं आणि गुपचूप सासऱ्याकडे निरोप धाडला. उलट निरोप आला. मक्याची काढणी झाली की, म्हणजे तीन आठवड्यांनी, पोरीला आणून सोडा. खूण घरी परत येऊ द्या. ती इथंच वाढेल. काढा देऊ, दोष उतरेल. काढा चालू असताना पोटात दुसरं कुठलंही औषध जाता कामा नये, हा त्या घरचा नियम.

मी ओडेरोला पाण्यातून ओढून काढावं तसं होडीतून ओढलं आणि विचारलं, तुला अक्कल आहे का. तो जाळ्याची गाठ सोडवत राहिला. म्हणाला, "एक खड्डा मी स्वतःच्या हातानं खणलाय. तुझ्या गोळ्या खाऊन गेलं ते पोर. आता तू मला अक्कल शिकव."

मी उलट पावली काठावरून निघून आलो. 

तालुक्याच्या इस्पितळात तेव्हा जेरोप नावाची डॉक्टरबाई नवीन आली होती. डोंगराकडची, आमची भाषा तोडकी मोडकी बोलायची आणि कोणावर आवाज चढवायची नाही, त्यामुळे मला आधी तिचा रागच आला होता. अमोंडीला आणि पोरीला घेऊन मी तिच्याकडे गेलो. तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, मूठ दाखव. अडोयोनं दाखवली. मग अमोंडीला म्हणाली, तुझी दाखव. दोन मुठी शेजारी शेजारी टेबलावर ठेवून ती बराच वेळ बघत बसली.

मग तिनं बीपीचा पट्टा पोरीच्या दंडाला बांधला, हवा भरली आणि सोडलीच नाही. मी म्हटलं, बाई, मशीन बिघडलंय का. ती म्हणाली, तीन मिनिटं थांबा. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. पहिलं मिनिट काही नाही. दुसऱ्यात पोरगी म्हणाली, मुंग्या येताहेत. तिसऱ्या मिनिटाला तिचं मनगट हळूहळू खाली वाकलं. बोटं सरळ झाली, एकमेकांना चिकटली आणि अंगठा आत, तळव्यात गेला. कोणी हात लावला नव्हता.

अमोंडी खुर्चीवरून उठली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. वाळूवरचा तो हात तिनं आणि मी, दोघांनीही ओळखला.

जेरोपनं हवा सोडली. हात सैल झाला. ती म्हणाली, हा मेंदूचा झटका नाही, रक्तातला चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडला की हे होतं. रक्त तपासलं. चुना तळाला गेलेला, स्फुरद वर चढलेला, मूत्रपिंडं ठीक. त्याच दिवशी तिनं चुन्याच्या गोळ्या आणि मूत्रपिंडाला बनवावं लागत नाही असं एक तयार जीवनसत्त्व सुरू केलं. गोळी घासाबरोबरच घ्यायची, रोज, जन्मभर.

मी विचारलं, ओमुगाच्या गोळ्यांचं काय. तिनं सांगितलं. त्या गोळ्या वाईट नाहीत, पण हाडाला लागणारं जीवनसत्त्व त्या खाऊन टाकतात, मग आधीच कमी असलेला चुना आणखी उतरतो. मी खाली बघत होतो. ती म्हणाली, तुम्हाला माहीत असायचं कारण नव्हतं. ज्यांना माहीत असायला हवं होतं त्यांनी गोळ्या वाढवल्या होत्या, पण ते काही माझ्या कामी येईना.

आता अडचण वेगळी होती. अमोंडीनं ती सरळ सांगितली. "बाई, गोळी मी देईन. पण काढणी झाली की पोर माझ्या हातात नाही. बाबा विचारतील, भावाच्या पोरींना काही होत नाही, माझ्याच पोरांना का. मी काय सांगू? दोष नाही म्हणून सांगू? तीन पिढ्यांची पोरं त्यांनी बोटांवर मोजलीत."

गोळी बंद केली तर काय होईल, हे जेरोपला विचारावं लागलं नाही. ती स्वतःच म्हणाली, नुसते झटके नाहीत, गळाही आवळू शकतो.

मग तिनं समजावलं. गळ्यात तांदळाएवढ्या चार ग्रंथी असतात. चुना उतरला की त्या हुकूम सोडतात, एक संप्रेरक, आणि मूत्रपिंड चुना राखून ठेवतं, स्फुरद बाहेर टाकतं. बहुतेक वेळा अशा पेशंटमध्ये ग्रंथीच मुकी झालेली असते. पण, ती म्हणाली, या मुठी बघून मला वेगळा संशय येतो. ग्रंथी ओरडत असेल आणि मूत्रपिंड बहिरं असेल. ते कळायला तो हुकूमच रक्तात मोजला पाहिजे. ते शहरात होतं आणि रक्त तिथं थंडगार पोचलं पाहिजे.

थंडगार म्हटल्यावर मला कोणाला विचारायची गरज नव्हती. पहाटे जेरोपनं रक्त काढलं, यंत्रात गरगर फिरवलं, वरचं पिवळं पाणी नळीत घेतलं. ती नळी मी म्बुटा मासळीच्या पेटीत, बर्फात पुरली आणि लॉरीत पेटीवर बसून गेलो. प्रयोगशाळेच्या खिडकीतला पोरगा नाक धरून म्हणाला, "काका, मासळी मागच्या दारानं. इथं रक्त घेतात." मी म्हटलं, "मासळी नाही ही, आमची पोरगी आहे. नाक सोड आणि दोन्ही हातांनी घे."

बाराव्या दिवशी कागद आला. वरची मर्यादा पासष्ट, अडोयोचा आकडा चारशे दहा. जेरोप कागद टेबलावर ठेवून म्हणाली, "घसा फुटेपर्यंत ओरडतेय ग्रंथी. ऐकणारं कोणी नाही."

मग तिनं जे सांगितलं ते मी तिला तीन वेळा सांगायला लावलं आणि चौथ्यांदा मीच तिला सांगून दाखवलं. शरीर कसं चालवायचं याच्या दोन नकला प्रत्येकाला मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. हाडात दोन्ही लागतात. म्हणून एक जरी खोटी निघाली तरी ते बोट आखूड राहतं, खड्डा पडतो. पण मूत्रपिंडात बापाची नक्कल झोपलेली असते, काम आईचीच करते. खोटी नक्कल बापाकडून आली तर ती तिथं झोपून राहते, माणूस ठणठणीत. आईकडून आली तर मूत्रपिंड बहिरं. ओबोरांच्या मुलग्यांची पोरं म्हणून सुखरूप. लेकींची पोरं म्हणून जातात.

म्हणजे म्हाताऱ्यानं मोजलं होतं ते चूक नव्हतं. मला त्याचीच जास्त भीती वाटली. चुकीचं मोजणाऱ्याशी भांडता येतं.

काढणी झाली. ठरल्या दिवशी दुपारी आम्ही ओबोरांच्या अंगणात गेलो. अमोंडी, ओडेरो, अडोयो आणि मी. झाडाखाली म्हातारा, त्याचा मुलगा, भाऊबंद. बाजूला चटईवर आसेवेआत्या, तिच्यामागे ओगोला, जळकी बाजू भिंतीकडे करून. चुलीवर काढ्याचं मडकं चढवलेलं होतं, त्याचा कडू वास फाटकापर्यंत येत होता. अडोयोसाठी नवी चटई टाकून ठेवली होती.

अमोंडी बापाशी नीट बोलली. आई, बाप, दोन नकला, सगळं सांगितलं. मी मध्ये तोंड घातलं नाही, तिनं तशी शपथच घातली होती. म्हातारा ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे माझं रक्त खोटं."

"बाबा, खोटं नाही. तुमच्यात ते झोपलंय."

"लेकीकडून हे ऐकायचं राहिलं होतं."

भाऊबंद हसले नाहीत, पण सरसावून बसले. तिथं मला राहवलं नाही. जेरोपचं जुनं मशीन मी पिशवीत घालून आणलं होतं. मनाशी सगळं ठरवून ठेवलं होतं. ओगोलाला औषध नाही, त्याचा हात वाकेल. अडोयोच्या पोटात वीस दिवसांच्या गोळ्या आहेत, तिचा वाकणार नाही. आंधळ्यालाही दिसेल. मी म्हटलं, आजोबा, बोलणं पुरे, डोळ्यांनी बघा. म्हाताऱ्यानं हातानं खूण केली, कर.

ओगोलाचा दंड बांधला. दुसऱ्याच मिनिटाला त्याचं मनगट वाकलं, बोटं जुळली, अंगठा आत.  काहींनी तोंडावर हात धरले. मी हवा सोडली आणि पट्टा अडोयोला बांधला. एक मिनिट, दोन, तीन. मी चौथंही जाऊ दिलं. पोरीचा हात मांडीवर सैल पडून होता, बोटं उघडी. मी सगळ्यांकडे मान वर करून बघितलं.

म्हातारा उठला. अडोयोचा तो हात त्यानं हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, मूठ वळून खड्ड्यावर अंगठा ठेवला.

"बघितलंत?" तो भाऊबंदांना म्हणाला. "माझ्या फाटकातून आत आली आणि हात शांत झाला. अजून काढ्याचा घोटही घेतलेला नाही."

अंगणात एकदम कुजबुज उठली. बाया माना हलवायला लागल्या. ओडेरोसुद्धा. मी ओरडलो, गोळ्यांमुळे, गोळ्यांमुळे शांत आहे तो, पण माझं कोण ऐकतंय. पुरावा मी स्वतः पिशवीत घालून आणला होता आणि म्हाताऱ्याच्या हातात ठेवला होता. म्हाताऱ्यानं पोरीला नव्या चटईवर बसवलं. सुनेनं मडक्यातून काढा वाटीत ओतला. ओमुगा गेला त्या दिवशी पाणी जसं शांत होतं तसं सगळं शांत आणि बिनचूक चाललं होतं.

अमोंडी वाटीकडे बघत उभी होती. तेव्हा आसेवेआत्या बोलली. बसल्या जागेवरून, हळू.

"दादा, ओगोलाला मी याच घरात आणून ठेवला होता. तीन वर्षं."

म्हातारा वळला नाही. "तेव्हाचं आता कशाला काढतेस?"

"तुम्हीच म्हणालात, खूण परत आण. आणली. काढा तुम्हीच पाजलात. त्याचा हात का नाही शांत झाला?" ती थांबली. ओगोलानं मान खाली घातली होती. "आणि तो पडला ती चूल कुणाची होती?"

त्या घरात तीस वर्षांत हे कोणी बोललं नव्हतं. बोट कुणी दाखवलं नाही, पण सगळ्यांचे डोळे तिकडेच गेले, जिथं मडकं उकळत होतं.

"तू काहीतरी नियम मोडला असशील," म्हातारा म्हणाला. पण ते बहिणीकडे न बघता म्हणाला.

अमोंडीनं चटईवरून पोरीला उचललं. सात वर्षांची पोर, पाठीशी बांधायचं वय नव्हतं, तरी तिनं कापड काढलं आणि बांधली. ओडेरो मध्ये उभा होता. त्याच्याजवळ जाऊन ती म्हणाली, "बाजूला हो. नाहीतर दुसरा खड्डाही तूच खण." तो बाजूला झाला.

म्हातारा म्हणाला, "आज गेलीस तर माझ्या मातीला यायचं नाही."

आमच्यात लेकीला यापेक्षा मोठं काही सांगत नाहीत. अमोंडी तेवढी एकदा थांबली. मग चालायला लागली. तिच्यामागे चटई सरकल्याचा आवाज आला. आसेवेआत्या ओगोलाचा हात धरून उठली होती. मला म्हणाली, "त्या बाईकडे माझ्या पोराला पण गोळ्या मिळतील का?" चाळीस वर्षांचं पोर.

फाटकाशी भावाच्या तीन मुली उभ्या होत्या. आत काय चाललंय ते त्यांना कळलं नव्हतं. पाहुणे निघाले की मुठीला मूठ लावून निरोप घ्यायचा, तशा त्यांनी मुठी पुढे केल्या, खड्डे वर करून, ऐटीत. थोरली चौदाची आहे. ठणठणीत आहे. चार-पाच वर्षांत तिच्या लग्नाच्या मोलाची गुरं मोजतील आणि ती दुसऱ्या घरी जाईल. अमोंडीनं तिघींच्या मुठींना आपली मूठ लावली आणि थोरलीची मूठ काही क्षण धरून ठेवली. मला वाटलं काही सांगेल. तिनं काही सांगितलं नाही. मीही नाही. आत तिचा आजा आमच्याकडे बघत उभा होता.

आता अमोंडी सकाळी पोरीची मूठ वळत नाही. जुनं मशीन तिच्याकडेच आहे. मासळी पसरून झाली की दोघांना बसवते, आधी अडोयो, मग आता गोळ्या सुरू झालेला ओगोला. पट्टा बांधते, हवा भरते आणि माझ्या घड्याळाकडे बघते. चुन्याच्या गोळ्या केंद्रात मिळतात. ते तयार जीवनसत्त्व मात्र अकरा दिवस झाले, आलेलं नाही. मी फाटकात बसून आहे, पत्रं धाडली आहेत, जेरोपनं आपल्याकडची शेवटची पट्टी अर्धी अर्धी करून दिली आहे. ओबोरांच्या अंगणातून कोणी ना कोणी रोज काठावर मासळी घ्यायच्या निमित्तानं येतं आणि पोरीच्या हाताकडे बघून जातं, तो वाकला की म्हाताऱ्याला सांगायला.

काल तिसऱ्या मिनिटाला अडोयोचा अंगठा थोडा आत गेल्यासारखा वाटला. मी अमोंडीकडे बघितलं नाही. तीही माझ्याकडे बघत नव्हती. तिनं हवा सोडली नाही. घड्याळाकडे बघत राहिली.